खोट्या रक्ताला प्रमाणपत्र, खऱ्या रक्ताला काहीच नाही



थिएटरमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक प्रमाणपत्र दिसतं. 'यू', 'यूए' किंवा 'ए'. हा सिनेमा कोणत्या वयाच्या माणसाने पाहावा हे कुणीतरी आधी बसून, पाहून ठरवलेलं असतं. २०२४ च्या नव्या नियमांनी तर 'यूए'चे आणखी तीन भाग केले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. ओटीटीवरच्या मालिकांनाही २०२१ च्या नियमांपासून अशीच वयाची खूण लावावी लागते.

आता विचार करा. सिनेमातलं रक्त म्हणजे रंग. तिथे मेलेला माणूस शॉट संपला की उठून चहा पितो. त्याच्यासाठी एवढी तपासणी. पण जेव्हा खरा माणूस मारला जातो, खरं रक्त सांडतं आणि कुणीतरी ते मोबाईलवर टिपतं, तेव्हा त्या दृश्याला कुठलंच प्रमाणपत्र नसतं. ते रात्री घरात सगळे जेवायला बसलेले असताना बातम्यांत येतं. कामाच्या ग्रुपवर येतं, भावकीच्या ग्रुपवर येतं, कधी कधी तर शाळेच्या ग्रुपवरही येतं. आणि तो फोन दुसरीतल्या मुलाच्या हातात असतो, कारण त्याला त्यावर कविता ऐकायची असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खऱ्या हिंसेच्या दृश्यांसाठी घरात आई-वडील आणि वर्गात शिक्षक हेच सेन्सॉर बोर्ड आहेत. दुसरं कुणी नाही. आणि हे काम नुसतं "बघू नको" म्हणून होत नाही.

ती क्लिप, ज्यात मारणारा शिक्षक होता

९ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सगळ्या खासगी वाहिन्यांना एक सूचनापत्र पाठवलं. अपघात, मृत्यू, स्त्रिया-मुलं-वृद्धांना होणारी मारहाण यांची दृश्यं चेहरे न झाकता, जवळून, पुन्हा पुन्हा दाखवली जात आहेत, बरेचसे व्हिडिओ सोशल मीडियावरून उचलून जसेच्या तसे लावले जात आहेत, असं त्यात म्हटलं होतं. टीव्ही हा घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं एकत्र बसून पाहतात, याचीही आठवण करून दिली होती.

त्या पत्रात उदाहरणांची यादी होती. अपघातात जखमी झालेल्या क्रिकेटपटूचे फोटो होते, खून झालेल्या गायकाच्या मृतदेहाची दृश्यं होती. पण आपल्यासाठी त्यातलं एक उदाहरण फार महत्त्वाचं आहे. जुलै २०२२ मध्ये पाटण्याच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिक्षकाने पाच वर्षांच्या मुलाला तो बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. ही क्लिप एका वाहिनीवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ दाखवली गेली. आवाज बंद न करता. ते पोर गयावया करतंय हे ऐकू येत होतं.

बातमी खरी होती, ती द्यायलाच हवी होती. त्या शिक्षकावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्यासाठी नऊ मिनिटं? आणि आवाजासकट? ती बातमी एखाद्या घरात सहा वर्षांच्या मुलीने पाहिली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत येताना आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल? तिला 'पाटणा' कुठे आहे ते ठाऊक नसतं. तिला 'सर' आणि 'वर्ग' एवढंच ओळखीचं असतं.

मूल क्लिप कशी पाहतं

आपण मोठी माणसं बातमी पाहताना नकळत बरंच काही गृहीत धरतो. ही घटना परवाची, तो गाव अमुक, हे सीसीटीव्हीचं चित्रण, हे पुन्हा दाखवत आहेत. लहान मुलाकडे हे काहीच नसतं. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर मुलांबरोबर काम करणाऱ्यांना एक गोष्ट आढळली. विमान इमारतीवर आदळतानाचं तेच दृश्य दिवसभर लागत होतं, आणि काही लहान मुलांना वाटत होतं की दर वेळी नवीन विमान नव्या इमारतीवर आदळतंय. आपल्याकडेही एकच लाथ, एकच काठी दहादा दाखवतात. आपल्याला ती एक घटना वाटते. लहान मुलाला त्या दहा घटना वाटू शकतात.

मोठ्यांवरही परिणाम होतोच. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांनी जो मानसिक ताण सांगितला, तो प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षाही जास्त होता. मोठ्यांचं हे, मग पोरांचं काय?

डी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरला आपण सगळ्यांनी अल्बर्ट बांडुराचा 'बोबो डॉल'चा प्रयोग लिहिलाय. १९६१ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर मोठ्या माणसाने फुग्याच्या बाहुलीला मारलं आणि नंतर मुलांनीही तसंच मारलं. एवढं लिहून आपण मार्क घेतले आणि पुढे गेलो. पण १९६५ चा पुढचा प्रयोग जास्त विचार करायला लावणारा आहे. त्यात काही मुलांना मारणाऱ्या माणसाला शिक्षा झालेली दाखवली. त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर "जे पाहिलं ते करून दाखव, बक्षीस मिळेल" असं सांगितल्यावर त्यांनाही सगळं येत होतं. म्हणजे शिकणं आधीच झालेलं होतं, फक्त दिसत नव्हतं. बाहुली म्हणजे माणूस नव्हे, आणि क्लिप पाहिलेलं प्रत्येक मूल मारकुटं होतं असं मी अजिबात म्हणत नाही. पण "आमचा पिंट्या बघतो, पण करत नाही काही" हे वाक्य पालकसभेत ऐकलं की मला हा दुसरा प्रयोग आठवतो.

मुलं काय शिकतात ते कधी कधी खेळात दिसतं. मुलं मारामारी-मारामारी पूर्वीपासून खेळत आली आहेत, त्यात नवीन काही नाही. चोर-पोलीस आपणही खेळलो. मधल्या सुट्टीत मी अलीकडे जे पाहते ते वेगळं आहे. एक जण मारणारा होतो, एक जण मार खाणारा. आणि एक जण बाजूला उभा राहून, दोन्ही हात पुढे धरून, शूटिंग करणारा होतो. सोडवणारा कुणीच होत नाही. आमच्या चोर-पोलीसमध्ये निदान पोलीस तरी यायचा! मुलांनी क्लिपांमधून मारणं जेवढं उचललंय, तेवढंच हे बाजूला उभं राहणंही उचललंय. मला जास्त काळजी याची वाटते.

सिनेमा आणि बातमी यांच्यातली भिंत

कुणी म्हणेल, मुलं सिनेमातही हेच पाहतात. खरं आहे. 'ए' प्रमाणपत्र मिळालेला सिनेमासुद्धा तुकडे-तुकडे होऊन रील्समध्ये येतो, आणि रील्सच्या दारात तिकीट तपासणारा नसतो. पण आता यापुढची गोष्ट झाली आहे. खऱ्या मारहाणीच्या सीसीटीव्ही क्लिपला सिनेमाचं दणदणीत संगीत लावलं जातं, स्लो मोशन केलं जातं, वर एखादा डायलॉग टाकला जातो. मारणाऱ्याची एंट्री हिरोसारखी होते. बातम्यांच्या वाहिन्याही लाल गोल, बाण, ढॅणढॅण संगीत हे सगळं वापरतात. मग आठ-नऊ वर्षांच्या मुलाने खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ओळखायचं कशावरून?

आणि नुसत्या सेटिंगवर विसंबून राहू नका. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये जगभरातल्या अनेकांना अचानक अत्यंत हिंसक दृश्यं दिसू लागली. ज्यांनी अशी दृश्यं नकोत म्हणून सेटिंग केलं होतं त्यांनाही. कंपनीने चूक झाली म्हणून माफी मागितली. पण ज्या मुलाने ते पाहिलं, त्याच्या डोळ्यांपुढून ते माफीने थोडंच पुसलं जातं?

रैनपाडा आपण विसरता कामा नये

फॉरवर्ड केलेली दृश्यं काय करू शकतात हे आपल्याच राज्याने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात रैनपाडा गावचा आठवडी बाजार. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जणांचा जीव गेला. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यांच्यात अगदी लहान मूलही होतं. तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं.

त्या दिवसांत या भागातल्या फोनवर काय फिरत होतं? ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह. खाली मजकूर असा की मुलं पळवून त्यांचे अवयव काढतात. ते दृश्य खोटं नव्हतं. ती मुलं खरंच मेलेली होती. पण ती २०१३ मध्ये सीरियातल्या घौटा इथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात गेली होती. दुसरा एक व्हिडिओ होता मोटरसायकलवरून मूल उचलून नेण्याचा. तो मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश दिसतो, तो भाग कुणीतरी कापून टाकला होता.

बघा, खरं दृश्य आणि खोटी ओळ. तेवढ्यावर पाच माणसं गेली. आणि ती माणसं मारली जात असतानाही शूटिंग झालं, आणि तेही फोनाफोनी फिरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. कंपनीने मर्यादा घातली, पण ज्यांनी ते पाठवलं त्यातल्या बहुतेकांचा हेतू काय होता? "आपली पोरं सांभाळा." म्हणजे काळजीच! काळजीपोटी आई-वडिलांनीच ते पुढे पाठवलं. म्हणून 'जनजागृतीसाठी टाकतोय' हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

मग काही दाखवायचंच नाही का?

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये त्या छळाचे फोटो बाहेर आले, वाहिन्यांवर आले, प्रत्येकाच्या फोनवर आले. राज्यभर संताप उसळला आणि पाठोपाठ एका मंत्र्यांचा राजीनामा झाला. ते फोटो आले नसते तर एवढा आवाज उठला असता का, असं कुणी विचारलं तर त्याला गप्प करता येणार नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला हालहाल करून मारलं, तेव्हा त्याच्या आईनेच शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. जगाने पाहावं म्हणून. त्या फोटोंनी नागरी हक्कांच्या चळवळीला बळ दिलं.

म्हणून दृश्यं कधीच दाखवू नयेत असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एमेट टिलच्या बाबतीत निर्णय त्याच्या आईचा होता. आपण फॉरवर्ड करतो तेव्हा त्या घरच्यांना कोण विचारतं? दुसरं, मोठा माणूस असं दृश्य पाहून काहीतरी करू शकतो. मोर्चाला जाऊ शकतो, निवेदन देऊ शकतो, मत देऊ शकतो. आठ वर्षांचं मूल काय करणार? ते फक्त रात्री एकटं बाथरूमला जायला घाबरणार.

आणि हिंसा मुलांपासून लपवूनच ठेवा असंही नाही. चौथीला आपण प्रतापगडाचा प्रसंग शिकवतोच की. आजीच्या गोष्टीत राक्षस मरतोच. पण तिथे गोष्टीला सुरुवात असते, कारण असतं, शेवट असतो, आणि सांगणारा माणूस समोर बसलेला असतो. मूल घाबरलं तर त्याचा आवाज खाली येतो. शब्दांतून ऐकताना मूल आपल्याला झेपेल तेवढंच चित्र मनात उभं करतं. क्लिप हे काही विचारत नाही. तीस सेकंदांत ती सगळं डोळ्यांत ओतते आणि संपते. म्हणून माझा नियम साधा आहे : प्राथमिकच्या मुलाला खरी हिंसा सांगायची वेळ आली तर ती शब्दांत सांगा, दाखवू नका. रैनपाड्याची गोष्ट पाचवीच्या मुलांना शब्दांत नक्की सांगता येते. अफवा काय करते हे त्यांना कळतं, त्यासाठी व्हिडिओ लागत नाही.

आपण काय करू शकतो

शिक्षकांसाठी :

१. परिपाठातल्या बातम्या आदल्या दिवशी पाहून घ्या. मुलं सगळ्यात मोठ्या अक्षरातली बातमी उतरवून आणतात आणि ती बहुतेक वेळा खुनाची किंवा अपघाताची असते. अशी बातमी घ्यायचीच असेल तर तीन वाक्यांत बसवा : काय झालं, मदतीला कोण गेलं, आपण काय काळजी घेऊ. मदतीला कोण गेलं हे वाक्य कधी गाळू नका.

२. मोठी घटना घडली की वर्गात "तो व्हिडिओ कुणी कुणी पाहिला?" म्हणून हात वर करायला लावू नका. ज्यांनी पाहिला नाही ते घरी जाऊन शोधतात. त्याऐवजी "कुणाला काही पाहून भीती वाटली असेल तर मला येऊन सांगा" असं म्हणा आणि मुलाशी एकट्याने बोला. बोलत नसेल तर चित्र काढू द्या.

३. तिसरी-चौथीपासून एक तास यासाठी द्या. फॉरवर्डवरचे दोन बाण म्हणजे काय, हा व्हिडिओ कधीचा, कुठला, हे कसं विचारायचं. आणि खेळात, नाट्यीकरणात सोडवणाऱ्याची, मोठ्या माणसाला बोलावून आणणाऱ्याची भूमिका मुद्दाम द्या.

४. शाळेच्या ग्रुपवर एकच नियम टाका : मृतदेह, अपघात, मारहाण यांचे फोटो-व्हिडिओ टाकायचे नाहीत, जनजागृतीसाठीही नाही. त्यात मूल असेल तर गोष्ट कायद्याची होते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे पीडित बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

पालकांसाठी :

१. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. अभ्यासासाठी फोन द्यायचा तर निदान गॅलरीत काय आहे ते आधी पाहा.

२. जेवताना बातम्या नकोत. आजोबांना सात वाजताच्या बातम्या हव्याच असतील तर तेवढा वेळ मुलांना दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात पाठवा. एकच खोली असेल तर आवाज बंद करून खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचा. आजोबांशी बोलून बघा, नातवंडांसाठी ऐकतात ते.

३. मुलाने काही पाहिलंच, तर रागावू नका. रागावलं की ते पुढच्या वेळी लपवतं. तीन गोष्टी विचारा : तू काय पाहिलंस? तुला काय वाटलं? तुला काय विचारायचंय? मग खरं तेवढं, थोडक्यात सांगा. "असं काही नसतं" असं खोटं सांगू नका. आत्ता तू सुरक्षित आहेस, आम्ही आहोत, हे सांगा.

४. झोप मोडणं, अंथरूण ओलं होणं, सारखं पोट दुखणं, शाळेला नको म्हणणं, एकटं राहायला घाबरणं हे बरेच दिवस चाललं तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी सरकारचा 'टेलिमानस' १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८ आहेच.

यातल्या कशालाही निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. वाहिन्यांना सूचनापत्रं जातात, कंपन्या मर्यादा घालतात, ते चालू राहूदे. पण पुढची क्लिप आपल्या फोनवर येईल तेव्हा ती पुढे जाईल की तिथेच थांबेल, हे आपल्याच अंगठ्यावर आहे.

येत्या पालकसभेत गुण, गणवेश, पोषण आहार हे विषय होतीलच. त्यात दहा मिनिटं या विषयाला द्या. ग्रुपचा तो एक नियम सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि हो म्हणवून घ्या. तुमच्या शाळेत काय ठरलं, पालक काय म्हणाले, ते आम्हाला जरूर कळवा.